पडद्यावरचा मुसलमान काय काम करतो?

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की आमच्यासमोर प्रवेशाच्या अर्जांचा ढीग येऊन पडतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मोहल्ल्यातली. अर्जात एक रकाना असतो, ‘वालिद का पेशा’. तो बहुतेक वेळा कोराच येतो आणि समोर बसलेल्या माणसाला विचारून आम्हालाच भरावा लागतो. वेल्डर, गवंडी, रिक्षाचालक, फळांची गाडी, पंक्चरचे दुकान, बेकरीत कामाला, वाळूजला ठेकेदाराकडे, भंगार, शिलाई. एका बापाने बराच वेळ विचार करून सांगितले होते, “लिखो सर, जो मिला वो.” आम्ही ‘मजदूरी’ असे लिहिले. इतक्या वर्षांत त्या रकान्यात ‘नवाब’ हा शब्द लिहिण्याची वेळ आमच्यावर आलेली नाही. शायर, कव्वाल, डॉन, दहशतवादी हेही कुणी सांगितले नाही.

मात्र जूनमध्ये हे अर्ज भरणारे आम्ही बाकीचे अकरा महिने जो सिनेमा पाहतो, त्यात नेमके हेच लोक भेटतात. आम्हाला सिनेमाचे वेड आहे. उर्दूत शिकवावे, मराठीत लिहावे आणि हिंदी सिनेमा पाहावा, असा आमचा तीन भाषांचा संसार आहे. गेल्या वर्षभरात, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीपासून पुढे, जे चित्रपट आम्ही पाहिले, त्यांतल्या काहींनी आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही. त्यांच्याविषयी मनात जे साचले आहे ते वाचकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. चित्रपट-समीक्षेचे शास्त्र आम्हाला अवगत नाही. आमच्याकडे मापायला एकच पट्टी आहे आणि तीही आमची नाही, आमच्या अब्बांची आहे.

अब्बांचा सवाल

आमच्या लहानपणी औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) सिनेमा म्हणजे टॉकीज. सादिया, मोहन, अंबा, अप्सरा, अंजली ही नावे आमच्या तोंडी शाळेतल्या कवितांच्या आधी बसली. बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, ईदीचे पैसे खिशात घेऊन पिक्चरला जायचे हा रिवाज होता. नंतर सीडीचा जमाना आला. किरायाने प्लेअर आणायचा आणि एका रात्रीत तीन पिक्चर पाहून पैसे वसूल करायचे. अम्मीची फर्माईश ठरलेली असे : ‘मेरे महबूब’ (१९६३), ‘मेरे हुजूर’ (१९६८) नाहीतर ‘पाकीज़ा’ (१९७२). शेरवानी, गरारे, झुंबरे, अदबीचे सलाम. अम्मी डोळे पुसत बसायची. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दिवसभर ट्यूब घासून आलेला तो माणूस अर्धा तास पाहायचा, मग विचारायचा, “सब ठीक है, मगर ये लोगां कमाते कब?”

आम्ही भावंडे हसायचो. पुढे बी.एड. केले, मुलांना शिकवू लागलो, तेव्हा कळले की तो प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता. सिनेमातल्या माणसाला कामधंदा दिला की त्याला सकाळ मिळते, मालक मिळतो, उधारी मिळते, थकवा मिळतो. त्याच्याकडून चूक होऊ शकते, त्याला राग येऊ शकतो. तो कुण्या धर्माचा प्रतिनिधी उरत नाही, शेजारी होतो. कामधंदा काढून घेतला की उरतो तो पेहराव. शेरवानी काय आणि डोळ्यांतला सुरमा काय, दोन्ही पेहरावच.

एक बादशहा, एक डकैत

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ आला. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेला. छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान हा महाराष्ट्राच्या काळजातला विषय आहे आणि त्याबद्दल आमच्याही मनात आदर आहे. विकी कौशलने जीव ओतून काम केले आहे, शेवटच्या भागात सबंध प्रेक्षागृह रडत होते, आमचेही डोळे कोरडे नव्हते. इतिहासाचे वाद आम्ही इथे उकरणार नाही. आम्ही पाहत होतो अक्षय खन्नाचा औरंगजेब. तो फारसे बोलत नाही, हळू चालतो आणि काहीतरी विणत बसलेला दिसतो. टोप्या विणून मिळालेल्या पैशातून त्याच्या दफनाचा खर्च झाला, अशी जी आख्यायिका आमच्या भागात सांगितली जाते, तिचीच ही सावली. बादशहाच्या हाताला दिलेले ते काम त्याला आणखी भीतिदायक करते. अभिनय म्हणून ते मोलाचे आहे यात शंका नाही.

पण प्रेक्षागृहाचे दिवे लागल्यावर काय झाले? मार्चमध्ये खुलताबादची कबर हटवण्याची मागणी पेटली, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. रमजानचा महिना होता आणि दहावीची परीक्षा चालू होती. पेपर देऊन आलेल्या एका मुलाने आम्हाला विचारले, “सर, उसका हमारा क्या रिश्ता?” १७०७ साली मेलेल्या बादशहाचे आणि पंक्चर काढणाऱ्याच्या पोराचे नाते काय, हे इतिहासाच्या तासाला शिकवण्याची सोय अभ्यासक्रमात नाही. आम्ही एवढेच म्हणालो की, परीक्षेकडे लक्ष दे, घरी जा. हे उत्तर नव्हते, हे आम्हालाही ठाऊक होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘धुरंधर’ आला आणि तोच अक्षय खन्ना कराचीच्या ल्यारीतला रेहमान डकैत झाला. एका वर्षात बादशहा आणि डकैत. त्यातल्या अरबी गाण्यावरचा त्याचा नाच आमच्या शाळेच्या मैदानात मधल्या सुट्टीत पोरे हुबेहूब करून दाखवत होती. आम्ही गच्चीतून पाहत होतो. पडद्यावरचा खलनायक आपल्यासारखा दिसतो याचा राग मुलांना येत नव्हता. उलट त्यांना आनंद होता की, आपल्यासारखा कुणीतरी इतका रुबाबात नाचतो. नवाब पाहून अम्मी हरखायची, तसेच हे. त्या मुलांना दोष द्यावा असे आम्हाला वाटले नाही. ज्याला आरशात स्वतःचे रूप सापडत नाही, तो मिळेल त्या काचेत पाहतो.

मालेगावचा शुक्रवार

‘छावा’नंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. पटकथा वरुण ग्रोव्हर यांची. मजेची गोष्ट अशी की, ‘छावा’त कवी कलश झालेला विनीत कुमार सिंह इथे फरोग नावाचा मालेगावी लेखक आहे. दोन आठवड्यांच्या अंतराने एकच नट दोन लिहिणाऱ्या माणसांच्या भूमिकेत, पहिल्याला छत्रपतींची मैत्री लाभलेली, दुसऱ्याला घरभाड्याची चिंता.

त्या शुक्रवारी शाबानची २९ तारीख होती. संध्याकाळी सगळा मोहल्ला गच्चीवर चांद शोधत होता. चांद दिसला नाही, म्हणून आम्हाला शनिवारचा एक दिवस मिळाला आणि आम्ही मित्राला घेऊन दुपारच्या खेळाला गेलो. प्रेक्षागृहात आम्ही धरून अकरा माणसे. ज्यांच्या आयुष्यावर हा चित्रपट आहे ते लोक दुसऱ्या दिवसापासून महिनाभर टॉकीजकडे फिरकणार नव्हते, ही साधी गोष्ट प्रदर्शनाची तारीख ठरवणाऱ्या कुणालाच सुचली नसेल का? मुसलमानांवर चित्रपट काढला, पण मुसलमानांच्या कॅलेंडरकडे कुणी पाहिले नाही. ईद येईपर्यंत पडद्यावर दुसरे काही लागलेले होते.

मालेगावची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. लग्नाच्या शूटिंग करणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना जमवून, पन्नास हजारांच्या आसपास खर्चात, ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यातले डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला तेव्हा हे मित्र ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनवत होते. त्यातला हडकुळा सुपरमॅन म्हणजे शफीक, यंत्रमागावरचा कामगार. तंबाखू खाऊन थुंकणारी घाणेरडी दुनिया ज्याला हवी आहे अशा खलनायकाशी पडद्यावर लढणारा हा माणूस पुढे स्वतः कर्करोगाने गेला. असे कुणी कथेत लिहिले असते तर संपादकाने अतिरेक म्हणून परत पाठवले असते.

चित्रपटाने हा सारा ऐवज हाताळला आहे तो मैत्रीच्या धाग्याने. आदर्श गौरवचा नासिर, विनीतचा फरोग, शशांक अरोराचा शफीक. व्हिडिओ पार्लरमध्ये बस्टर कीटन आणि ब्रूस ली यांचे तुकडे जोडून नासिर स्वतःचा पिक्चर तयार करतो, पोलिसांची धाड पडते आणि मग चोरीच्या तुकड्यांपेक्षा आपलाच सिनेमा काढू, असे तो ठरवतो. फरोगला मात्र नक्कल मान्य नाही, स्वतःची गोष्ट लिहायची आहे. हा वाद आम्हाला चित्रपटाचा गाभा वाटला. ‘शोले’ची विडंबने करून गाव हसेल, पण गावाची स्वतःची गोष्ट कोण सांगणार? नासिर म्हणतो पैसा, फरोग म्हणतो लेखक. दोघेही बरोबर आहेत आणि म्हणून भांडण खरे वाटते.

आणि इथे सगळ्यांना काम आहे! कुणी शूटिंग करतो, कुणी मागावर उभा राहतो, कुणी वर्तमानपत्रात लिहितो. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. कामगार नमाज पढतात आणि पिक्चरला जातात. शफीकच्या मनात सिनेमाची हौस का आहे, हे चित्रपटाला शब्दांत सांगावे लागत नाही. बारा-बारा तास तोच खटखट आवाज ऐकणाऱ्या माणसाला उडावेसे वाटणारच. शेवटी सुपरमॅनच्या वेषात तो पडद्यावर उडतो आणि समोर बसलेले त्याचे गाव ते पाहते, तेव्हा आमच्या शेजारचा मित्र रुमाल शोधत होता.

तरीही तक्रारी आहेत. मालेगावातल्या विणकरांच्या घरात पूर्वजांबरोबर उत्तरेतून आलेली बोली आहे, तिच्यात खान्देशी मिसळली आहे, बाजारात मराठी आहे. चित्रपटातली माणसे बरीचशी मुंबईच्या वळणाची हिंदी बोलतात. मागांचा आवाजही चित्रपटाने फार लवकर खाली केला आहे. आणखी एक मौन आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याची नमाज सुटताना बडा कब्रस्तानापाशी स्फोट झाले. त्या प्रकरणात गावातलीच जी मुले पकडली गेली, त्यांना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. २००८ च्या सप्टेंबरात पुन्हा स्फोट झाला. गोष्ट याच वर्षांतून जाते आणि स्फोट बाजूला ठेवते. पाहताना आम्हाला हे खटकले. नंतर वाटले, मालेगाव म्हटले की देशाला फक्त स्फोट आठवतो. एकदा तरी त्या गावाला हसण्यासाठी ओळखले जाऊ द्यावे. या दोन मतांपैकी पक्के कोणते, ते आजही आमचे ठरलेले नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. तो चित्रपट पाहण्याच्या चारच दिवस आधी आम्ही नववीतल्या एका मुलाचा मोबाइल जप्त केला होता. वर्गात चोरून शूटिंग करत होता. “पढाई का टाइम है, हीरोगिरी नको,” असे त्याला सर्वांदेखत सुनावले होते. सोमवारी शाळेत गेलो, कपाटातला तो मोबाइल काढला आणि त्याला परत दिला. काय बोलावे ते सुचले नाही. त्यालाही नवल वाटले असावे.

अर्ज भरणारे दोघे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी आलेला नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ हा आमच्या मते त्या वर्षातला सर्वांत महत्त्वाचा चित्रपट. ‘मसान’ (२०१५) बनवणारा, स्वतः दलित असल्याचे उघडपणे सांगणारा हा दिग्दर्शक. बशारत पीर यांनी २०२० साली टाळेबंदीतल्या दोन मित्रांवर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता, त्यावरून कथा बेतलेली. मेमध्ये कान महोत्सवात गौरवला गेला, भारताने ऑस्करसाठी पाठवला. पण हे सगळे बाजूला ठेवू. चित्रपट सुरू होतो तो पोलीस शिपाई भरतीच्या परीक्षेने, आणि आम्ही खुर्चीत सावरून बसलो.

का, ते सांगतो. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आमखास मैदानावर पहाटे पळताना दिसतात. भरतीचा फॉर्म भरायला आमच्याकडे येतात. शुल्क भरले, गोळाफेक केली, लेखी दिली, की मग वाट पाहणे. वर्दी का हवी, असे एकाला विचारले तर म्हणाला, “सर, वर्दी पे नाम छोटा लिखा रहता.” हाच विचार ‘होमबाउंड’मधल्या दोन मित्रांचा आहे. शोएब (ईशान खट्टर) मुसलमान, चंदन (विशाल जेठवा) दलित. दोघांना वाटते की, खाकी अंगावर आली की आडनाव विचारणे थांबेल. चंदन तर खुल्या प्रवर्गातून अर्ज भरतो, कारण राखीव रकान्यावर खूण केली की जात कागदावर येते. रकान्याने माणसाला केवढे कोंडता येते, हे आम्ही दर जूनमध्ये पाहतो. पण कोऱ्या रकान्यातली लाज अशी पडद्यावर प्रथमच पाहिली.

शोएबला एका कार्यालयात शिपायाचे काम मिळते. एक कर्मचारी त्याला आपली पाण्याची बाटली भरू देत नाही. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी साहेबांच्या घरच्या मेजवानीत त्याची थट्टा होते. कुणी मारत नाही, कुणी शिवी देत नाही. सगळे हसतात आणि त्यानेही हसावे अशी अपेक्षा असते. ईशानचा चेहरा त्या हसण्यात सामील होण्याचा प्रयत्न करतो आणि अर्ध्यात थांबतो. असा अर्ध्यात थांबलेला चेहरा आम्ही आरशात पाहिलेला आहे. दुसरीकडे चंदनच्या आईला शाळेत खिचडी शिजवण्याचे काम मिळते आणि तिच्या हातचे आमच्या मुलांनी खायचे नाही, म्हणून पालक उभे राहतात. शालेय पोषण आहाराच्या रांगेत रोज उभा राहणारा मास्तर हा प्रसंग पाहून काही वेळ पडद्याकडे पाहू शकला नाही, हे नोंदवून ठेवतो. त्या आईच्या फुटलेल्या टाचा कॅमेरा पुन्हा पुन्हा दाखवतो, त्या मात्र आम्ही विसरलेलो नाही.

नंतर सुरतेच्या गिरण्या, नंतर टाळेबंदी, नंतर रस्ता. इथे आम्हाला आमचे शहर आठवले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून पायी चाललेली मध्य प्रदेशातली माणसे. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. आम्ही त्या दिवशी रोजा सोडायला बसलो आणि घास उचलेना. पण खरे सांगायचे तर वर्षभरात ते चित्र आमच्या मनातून पुसट झाले होते. ‘होमबाउंड’ पाहताना ते परत आले. चंदनचे डोके मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसलेला शोएब, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणारा. त्या क्षणी त्याचा धर्म, चंदनची जात, दोघांचे अर्ज, काहीच शिल्लक राहत नाही.

व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी १९४१ मध्ये ‘शेजारी’ केला होता. त्यातही दोन मित्र होते, जिवबा पाटील आणि मिर्झा. धरण फुटते आणि दोघे हातात हात घालून मरतात. मराठी सिनेमाने त्या काळात केवढी मोठी गोष्ट सांगितली! तरी एक फरक आहे. ‘शेजारी’त ऐक्याचा संदेश आधी आहे आणि माणसे मागून आली आहेत. ‘होमबाउंड’मध्ये दोघांना आधी नोकरी हवी आहे, ऐक्य आपोआप होते. चित्रपटाचा उत्तरार्ध थोडा घाईत उरकला आहे, जान्हवी कपूरची सुधा अपुरी राहिली आहे. पण अब्बांनी हा चित्रपट पाहिला असता तर त्यांना तो प्रश्न विचारावा लागला नसता.

‘हक’ आणि ‘हलाल’

७ नोव्हेंबर २०२५ ला सुपर्ण वर्मा यांचा ‘हक’ आला. शाहबानो प्रकरणावर बेतलेला, नावे बदललेली : यामी गौतमची शाझिया बानो आणि इम्रान हाश्मीचा वकील अब्बास. आमच्या स्टाफरूममध्ये प्रदर्शनाआधीच निकाल लागला होता की, हा आपल्याला बदनाम करण्यासाठी काढलेला पिक्चर आहे. आम्ही म्हणालो, आधी पाहू.

पाहिल्यावर काय वाटले? चित्रपट दुष्ट हेतूचा नाही. शाझिया धर्म टाकून न्याय मागत नाही, कुरआन उघडून वाचते आणि वाचूनच भांडते. हे आम्हाला फार मोलाचे वाटले. यामी गौतमने संताप गिळण्याचे काम सुरेख केले आहे. उणीव दुसरीकडे आहे. खऱ्या शाहबानोचा निकाह १९३२ साली झाला होता. १९७८ मध्ये तिला तलाक मिळाला तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती, पाच मुलांची आई. इंदूरच्या दंडाधिकाऱ्याने तिला महिना २५ रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले आणि त्या रकमेविरुद्ध नामांकित वकील असलेला नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ ला निकाल तिच्या बाजूने लागला. त्यानंतर समाजाच्या दडपणाखाली त्या वृद्धेने निकालापासून स्वतःला अलग केले आणि १९८६ चा कायदा आला. बासष्ट वर्षांची, सुरकुतलेली, हरून जिंकलेली आणि जिंकून हरलेली ही बाई पडद्याला पेलली नसती का? देखण्या, तरुण शाझियाचा न्यायालयातला विजय पाहून टाळी वाजते. खऱ्या बाईचे आयुष्य पाहून आपली मान खाली गेली असती.

त्यानंतरही बरेच घडले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दानियल लतीफी खटल्यात १९८६ च्या कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला, २०१९ मध्ये तिहेरी तलाकविरोधी कायदा झाला, जुलै २०२४ मध्ये पोटगीचे सर्वसाधारण कलम मुस्लिम स्त्रीलाही लागू असल्याचे न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. महाराष्ट्रात हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा सचिवालयावर नेला होता, शाहबानोच्या कितीतरी आधी. मोहल्ल्यात काय बदलले? आमच्या शाळेत बोनाफाइड मागायला येणाऱ्या कितीतरी आया अशा आहेत की, दाखल्यावर नाव बापाचे आणि सही आईची. बापाचा पेशा विचारला की ती म्हणते, “पता नहीं सर, उधरीच रहते वो.” चित्रपट आपल्याविरुद्ध आहे की नाही याची चर्चा करणाऱ्या आम्हा पुरुषांनी त्या सहीकडेही पाहावे.

या विषयावर मराठीने आधीच एक पाऊल टाकलेले आहे. राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी ‘हलाल’ केला, २०१७ मध्ये तो प्रदर्शित झाला. खेड्यातली, मराठी बोलणारी मुसलमान माणसे त्यात होती. झुंबर नव्हते, गझल नव्हती. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तरी मनात येते की, मराठी सिनेमा आमच्या घरात शिरला तो तलाकच्या दारातून. ‘सैराट’मधला सल्या परश्याचा जिवलग आहे, सगळ्यांना आवडला. पण त्याची गोष्ट त्याची नाही, परश्याची आहे. शेतमजूर मुसलमान, कोकणातला खलाशी मुसलमान, सोलापूरच्या मागावरचा, एस.टी.त कंडक्टर असलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणारा, हे सगळे आमच्या लेखकांच्या कथांत आहेत. पडद्यावर त्यांना अजून प्रवेश मिळालेला नाही.

आमचाही हिशेब

दोष फक्त सिनेमावाल्यांचा आहे का? एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ आठवावा. बलराज साहनींचा सलीम मिर्झा आग्र्याचा जोडे बनवणारा कारखानदार आहे. फाळणीनंतर त्याला बँक कर्ज देत नाही, घर जाते, धंदा बसतो. पाकिस्तानकडे निघालेला टांगा तो अर्ध्यातून परत फिरवतो आणि मोर्चात मिसळतो. भाकरी मागणाऱ्यांच्या गर्दीत त्याला आपला देश सापडतो. ती कथा इस्मत चुगताईंची, पटकथेत कैफी आझमी होते. म्हणजे आधी कुणीतरी लिहिणारा होता. सईद मिर्झांचा ‘सलीम लंगडे पे मत रो’ (१९८९) असो की आजचा ‘सुपरबॉइज’, प्रत्येक वेळी कुणीतरी मोहल्ल्यातल्या माणसाकडे बसून ऐकले होते.

आम्ही शिकलेले लोक काय करतो? मुशायऱ्याला जातो, वली आणि सिराज औरंगाबादी यांचे शहर म्हणून मिरवतो, आणि शेजारच्या वेल्डरची गोष्ट लिहिण्यासारखी आहे हे आम्हाला सुचत नाही. आमच्याही मनात नवाब बसलेला आहे. फरोगची तगमग आम्हाला म्हणून इतकी झोंबली. पडद्यावर आम्ही चुकीचे दिसतो अशी ओरड करायची आणि कागदावर आम्ही दिसतच नाही याकडे डोळेझाक करायची, हे यापुढे चालू नये.

आता त्या मोबाइलवाल्या मुलाविषयी. यंदाच्या स्नेहसंमेलनात त्याने चार मिनिटांची फिल्म दाखवण्याची परवानगी मागितली. आम्ही आधी पाहायला मागितली नाही, हा आमच्या परीने केलेला प्रायश्चित्ताचा प्रकार. भिंतीवर पांढरी चादर लावली, शाळेचा प्रोजेक्टर चालू केला. फिल्ममध्ये एक माणूस फजरनंतर मंडीत पोती उतरवतो, दुपारी एका इमारतीला रंग देतो, रात्री लग्नाच्या हॉलमध्ये देगच्या घासतो. संवाद नव्हते. शेवटी तो घरी येऊन चप्पल काढतो आणि झोपलेल्या मुलाच्या अंगावर चादर टाकतो. एवढेच.

तो माणूस मागच्या भिंतीला टेकून उभा होता, कामावरून तसाच आलेला, नखांत रंग. आम्ही त्याला ओळखले. ‘जो मिला वो’ म्हणणारा बाप तोच. पोरे टाळ्या वाजवत होती आणि तो खाली मान घालून हसत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही जुने अर्ज काढून त्या मुलाचा कागद शोधला. पेशाच्या रकान्यात आमच्याच अक्षरात ‘मजदूरी’ असे लिहिलेले आहे. ते खोडून दुसरे काही लिहावे असे वाटले, पण रकाना फार लहान आहे. म्हणून हा लेख लिहिला.